हबेस, आरिया आणि पगारे तांडेल

नाशिकच्या सातपूरला समुद्र नाही, बंदर नाही, आणि पावसाळ्यात एमआयडीसीच्या रस्त्यावर साचतं त्याहून खोल पाणीही नाही. तरी आमच्या कारखान्यात खलाशी होते. जड यंत्रं उचलायची, हलवायची आणि जागेवर बसवायची हे त्यांचं काम. या खलाशांच्या म्होरक्याला तांडेल म्हणत. पाण्याशी या मंडळींचा संबंध म्हणाल, तर कॅन्टीनमधल्या माठापुरता.

सखाराम पगारे हे आमचे तांडेल. मी एकोणीसशे बाहत्तरच्या सुमारास टाइम ऑफिसात लागले, तेव्हा गेटच्या आत मी एकटीच बाई होते. माझी खिडकी एका बाजूने गेटकडे आणि दुसऱ्या बाजूने मोठ्या शेडकडे उघडायची. पहिल्याच दिवशी त्या शेडमधून असा काही आवाज आला की मी हातातली हजेरीची कार्डं खाली टाकली. मला वाटलं, कोणीतरी यंत्राखाली सापडलं. शेजारच्या टेबलावरचे हेडक्लार्क मान वर न करता म्हणाले, "घाबरू नका. आपले तांडेल आहेत. कामाला लागलेत."

तो शब्द होता 'हबेस'. हबेस म्हणजे उचल. त्याचा जोडीदार 'आरिया', म्हणजे सोड, खाली घे. बंदरात बोटीवर माल चढवता-उतरवताना खलाशी एकमेकांना हे शब्द ओरडून सांगतात. आमच्या कारखान्याची उभारणी झाली तेव्हा अवजड यंत्रं बसवायला मुंबईच्या गोदीतून एक टोळी आणली होती. टोळीचा उस्ताद काही महिने इथे राहिला. काम संपवून तो परत गेला, पण जाताना हे दोन शब्द पगाऱ्यांच्या गळ्यात ठेवून गेला. पगारे तेव्हा साधे हेल्पर होते. उस्ताद गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी ते क्रेनखाली उभे राहिले आणि कोणी काही म्हणायच्या आत ओरडले. आकडा वर गेला. तेव्हापासून ते तांडेल.

माणूस बुटका, मान जाड, मिशा भरघोस, आणि खिशात कायम कंगवा. मोठं काम असलं की आधी मिशा विंचरायच्या. एकदा विंचरल्या की मग जनरल मॅनेजरनेसुद्धा त्यांच्याशी बोलायचं नाही, हा त्यांचा नियम होता आणि तो जनरल मॅनेजरलाही ठाऊक होता. नम्रता हा गुण त्यांच्या वाट्याला आलाच नव्हता. "ताई, या शेडमदी तीन इंजिनियर हे," ते मला एकदा म्हणाले, "पन क्रेन कुनाचं ऐकते?"

शब्द वापरायचं त्यांचं शास्त्र होतं. वजन जितकं जास्त, तितका हबेसचा 'ह' लांब. मोटर उचलायची असेल तर साधा हबेस. मोठा प्रेस असेल तर तो 'ह' इतका लांबायचा की मधल्या वेळात मी दोन कार्डांवर शिक्के मारून घ्यायची. आरिया मात्र ओरडायचा नाही. तो हळू, जवळजवळ लाडाने म्हणायचा. "उचलताना दम द्यावा," ते सांगायचे, "उतरवताना गोड बोलावं. लोखंड असलं तरी त्याला कळतं."

हे दोन्ही शब्द फॅक्टरीच्या गेटवर सोडून ते घरी गेले असते तर त्यांच्या बायकोचे फार बरे दिवस गेले असते. शांताबाई एकदा कॉलनीतल्या कार्यक्रमात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "पोरांना सकाळी उठवायचं तरी हबेस. पिठाचा डबा फळीवरून काढायचा तरी आरिया. मी बाळंतपणाला दवाखान्यात निघाले, तर रिक्षात चढवतानाबी यांनी आवाज दिला. सगळी कॉलनी बाहेर."

त्या आवाजाचा लाभ मलाही झाला आहे. आम्ही गंगापूर रोडला दुसऱ्या मजल्यावर राहायला गेलो, तेव्हा लोखंडी कपाट जिन्यातून जाईना. त्या जिन्याचं वळण बिल्डरने बहुधा मांजरांसाठी केलं होतं. मी कारखान्यात सहज बोलले आणि रविवारी सकाळी तांडेल दोर, कप्पी आणि चार खलाशी घेऊन हजर झाले. गच्चीवर कप्पी बांधली. मिशा विंचरल्या. मग गल्लीच्या मधोमध उभं राहून त्यांनी हबेस दिला, आणि दोन्ही बाजूंच्या इमारतींतली सगळी माणसं गॅलऱ्यांत आली. कपाट पहिल्या मजल्यापर्यंत गेलं आणि तिथे तांडेलांनी हात वर करून ते थांबवलं. पहिल्या मजल्यावरचे एक पेन्शनर गृहस्थ खिडकीत बसून पोहे खात होते. त्यांच्यासमोर आता आमच्या कपाटाचा आरसा लटकत होता. ते आरशात स्वतःला पाहून दचकले, मग खाली बघून म्हणाले, "काय झालं?"

"काय नाय, बाबा," तांडेल म्हणाले. "वजन जरा दम खाऊ द्या. पोहे चांगले दिसतात."

पोहे खाली आले. खलाशांनी एका हाताने दोर धरून दुसऱ्या हाताने ते खाल्ले. मग कपाट पुढे निघालं. माझ्या सासूबाई पदर डोक्यावरून घेऊन गॅलरीत उभ्या होत्या. कपाट कठड्यावरून आत आलं तेव्हा त्यांनी त्याला चक्क हळद-कुंकू लावलं. नंतर त्या म्हणाल्या की एवढा आवाज करून आलेल्या वस्तूला नुसतं आत कसं घ्यायचं.

समुद्र तांडेलांनी कधी पाहिला नव्हता. रत्नागिरीकडचा एक नवा वेल्डर आला होता. त्याच्या गावी तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. त्याने मोठ्या आदराने विचारलं, "तांडेल, तुम्ही किती वर्षं समुद्रावर होता?" पगारे म्हणाले, "समुद्र अजून इकडं आला नाय." पुढे कारखान्याची सहल गंगापूर धरणावर गेली. सगळ्यांनी एकमताने ठरवलं की होडीत पहिले तांडेल बसणार. तांडेलांनी आधी बूट नवे असल्याचं सांगितलं. मग आज उपास असल्याचं सांगितलं. शेवटी होडीची पाहणी केली आणि जाहीर केलं की ही होडी तांडेलाच्या दर्जाची नाही. मग दिवसभर ते काठावर उभं राहून पाण्यातल्या लोकांना सूचना देत होते. त्यांना पाण्याची मनापासून भीती वाटायची. आम्हाला सगळ्यांना ते कळलं होतं, आणि त्या दिवशी कोणीही ते बोलून दाखवलं नाही, याचं मला अजून बरं वाटतं.

हबेस हा शब्द आला कुठून, हे विचारणाऱ्याला ते प्रत्येक वेळी वेगळं सांगत. एकाला म्हणाले, अरबी आहे. दुसऱ्याला म्हणाले, एक हबशी सरदार होता, तो एका हाताने तोफ उचलायचा, त्याच्या नावावरून. मी विचारलं तेव्हा मात्र जरा थांबले आणि म्हणाले, "कुठूनबी येऊ द्या, ताई. माझा बाप चांदवडकडं गावात दवंडी द्यायचा. शब्द पाटलाचे, गळा आमचा. मी पोरगा होतो, त्याच्या मागं मागं जायचो. सगळं गाव ऐकायचं, पन त्याचं कुनीच नाय ऐकायचं. इथं माझ्या हाकेनं पाच टन उठतं." मग त्यांनी कंगवा काढून मिशांवरून फिरवला आणि निघून गेले. त्या दिवसापासून मला त्यांच्या ओरडण्याचा त्रास व्हायचा बंद झाला.

ऐंशी सालानंतर कारखाना वाढला. पहिल्या शेडला लागून दुसरी शेड झाली, तिथे दुसरी क्रेन आली, आणि पुण्याहून पारखी नावाचे तरुण सेफ्टी ऑफिसर आले. पारखी साहेब वाईट माणूस नव्हते. उलट इतके चांगले की त्यांच्याशी भांडता यायचं नाही, आणि पगाऱ्यांची खरी अडचण तीच झाली.

झालं असं की एके दुपारी तांडेलांनी पहिल्या शेडमध्ये हबेस दिला, आणि तो दुसऱ्या शेडमधल्या नव्या क्रेनवाल्यानेही ऐकला. त्याच्या आकड्याला एक रिकामी लाकडी पेटी अडकवलेली होती. त्या पेटीवर बसून एक फिटर डबा खात होता. पेटी फिटरसकट कमरेइतकी वर गेली. फिटरच्या हातातला घास हातातच राहिला. तो खाली उतरल्यावर म्हणाला की त्याला काही तक्रार करायची नाही, फक्त भाजी सांडली ती कोण देणार. तांडेलांना या प्रकाराचा जराही पश्चात्ताप झाला नाही. "आवाज बघा कुठवर जातो," ते चार दिवस सांगत फिरत होते.

पारखी साहेबांनी त्यांना बोलावलं. तोंडाने हाका मारणं बंद करायचं, शिट्टी आणि हातवारे यांवर क्रेन चालवायची, असा त्यांचा प्रस्ताव होता. तांडेल हे पदच मग राहणार नव्हतं. रिगर म्हणायचं. साहेब म्हणाले, "पगारे, पगारात काही फरक नाही. पण हे शब्द कुठल्या नियमात नाहीत, कुठल्या पुस्तकात नाहीत. यांचा अर्थ तरी काय?"

पुस्तकात नाहीत, हे तांडेलांना फार लागलं. रविवारी ते मला बोलवायला घरी आले. नाशिकरोडच्या चर्चमध्ये मूळ गोव्याचे एक म्हातारे फादर आहेत, त्यांना जुन्या भाषा येतात, असं कोणी सांगितलं होतं. "तुम्ही चला, ताई. इंग्लिश बोलायची वेळ आली तर?" इंग्लिश बोलायची वेळ आली नाही. फादरांनी दोन्ही शब्द ऐकले, डोळे मिटले आणि म्हणाले, "आरिया? हा आमचा आरियार. पोर्तुगीज आहे. शीड खाली करायचं, झेंडा उतरवायचा, त्याला आरियार म्हणतात. खलाशांनी उचलला असेल."

"आन हबेस?" तांडेलांनी विचारलं.

फादरांनी पुन्हा डोळे मिटले. या वेळी बराच वेळ. "तो मला ठाऊक नाही, बाबा."

परतीच्या बसमध्ये तांडेल खिडकीबाहेर बघत बसले. ज्या दोन शब्दांवर सारा मान, त्यांतला एक परक्यांचा निघाला होता. मला त्यांची दया येत होती. द्वारका चौकात बस थांबली तेव्हा ते एकदम माझ्याकडे वळले.

"आरिया त्यांचा," ते म्हणाले. "असू द्या. खाली उतरवायला बाहेरचा शब्द चालतो. हबेसला मालक नाय. म्हंजी तो आपला."

माझ्या मते हा काही पुरावा नव्हता, पण दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट संपायच्या आत साऱ्या कारखान्याला ठाऊक झालं की हबेस हा शब्द आपला असल्याचं फादरांनी लिहून द्यायची तयारी दाखवली आहे. तो खरोखर कुठला, हे मला आजही माहीत नाही.

शेवटी मॅनेजर साहेबांनी तोडगा काढला. एक नवा प्रेस यायचा होता, आजवरचा सगळ्यात जड. तो तांडेलांनी आपल्या पद्धतीने पायावर बसवायचा. खालून वर आलेले जाड बोल्ट प्रेसच्या भोकांत बरोबर शिरले पाहिजेत, कुठे ठोकर लागता कामा नये. मॅनेजर स्वतः बघणार. सगळं नीट झालं तर तांडेलही राहतील आणि त्यांचे शब्दही. पारखी साहेबांनी तारीख ठरवली, पंधरा एप्रिल. ते पुण्याचे असले तरी त्यांनी कॅलेंडर बघायला हवं होतं. आणि तांडेलांनी तर बघायलाच हवं होतं.

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत घोषणा देण्याचा मान दरवर्षी पगाऱ्यांचा. कॉलनीतून निघालेल्या ट्रकवर ते पुढे उभे असत, आणि त्यांना लाऊडस्पीकर लागत नसे. शांताबाईंनी बजावलं होतं, "उद्या तुमचा पेपर हे. आज दुसऱ्याला ओरडू द्या." पहिल्या चौकापर्यंत तांडेलांनी ऐकलं. दुसऱ्या चौकात घोषणा देणाऱ्या तरुणाचा आवाज फाटला, आणि फाटलेला आवाज त्यांना सहन होत नसे. त्यांनी त्याला बाजूला केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या खिडकीशी आले. मी म्हटलं, "नमस्कार, तांडेल." त्यांनी नुसती मान हलवली. मी पुन्हा काहीतरी विचारलं, तर त्यांनी घशाकडे बोट दाखवलं, मग ओठांवर बोट ठेवलं. डोळ्यांत अशी विनवणी होती की मी गप्प बसले. कॅन्टीनवाल्याला मात्र सुगावा लागला. त्याने मिठाचं पाणी दिलं. कोणी ज्येष्ठमध दिला, कोणी हळद-दूध, कोणी खडीसाखर. हे सगळं एकावर एक पोटात गेलं. त्यातून निघाली ती एक मोठी ढेकर. तिच्यात जेवढा आवाज होता तेवढाच त्यांच्या गळ्यात शिल्लक होता.

तारीख पुढे ढकला, असं ते चिठ्ठीवर लिहून सांगू शकले असते. पण तसं सांगितलं की आवाजावर चालणारी पद्धत आवाज बसल्यावर बंद पडते, हे पारखी साहेबांना आयतंच मिळालं असतं. तांडेल क्रेनखाली जाऊन उभे राहिले. मिशा विंचरल्या. मी खिडकीतून बघत होते. मॅनेजर, पारखी साहेब, दोन्ही शेडमधले लोक, सगळे गोल करून उभे. वर केबिनमध्ये क्रेन चालवणारा वामन, वणीकडचा, तांडेलांच्याच बरोबरीने नोकरीला लागलेला.

तांडेलांनी छाती भरून घेतली आणि तोंड उघडलं. काहीही आलं नाही. नुसती हवा.

वामन केबिनमधून अर्धा बाहेर वाकला. त्याने तांडेलांच्या तोंडाकडे क्षणभर पाहिलं आणि क्रेन चालू केली. प्रेस उठला. तांडेलांचं तोंड पुन्हा हललं, प्रेस पुढे सरकला. मग हनुवटी हळू खाली आली, प्रेसही खाली येऊ लागला, इंचाइंचाने. तांडेलांच्या कपाळावरून घाम गळत होता. बोल्ट एकेक करून भोकांत शिरले. प्रेस पायावर टेकला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. वामन नंतर मला म्हणाला, "हबेस म्हन्ताना त्यांच्या भिवया वर जात्यात, आरियाला हनवटी पडते. इतकी वर्षं वरून दुसरं बघायला व्हतं काय, ताई?"

टाळ्या पडल्या. खलाशांनी तांडेलांना खांद्यावर घेतलं. मॅनेजर खूश. आणि त्या सगळ्यांत जास्त खूश झाले पारखी साहेब. त्यांनी पुढे येऊन तांडेलांचे दोन्ही हात धरले. अगदी खऱ्या कौतुकाने म्हणाले, "पगारे, कमाल केलीत. एवढं काम, आणि एक शब्द नाही तोंडातून. मी तरी यापेक्षा वेगळं काय सांगत होतो?"

मॅनेजर म्हणाले, "मग अडचण कसली आहे? तुम्ही तर आधीच शिकलात."

तांडेल खांद्यांवर बसल्या बसल्या जिवाच्या आकांताने काहीतरी सांगू लागले. ओठ हलले, हात हलले, मिशा थरथरल्या. सगळ्यांना वाटलं ते आभार मानत आहेत. पुन्हा टाळ्या पडल्या.

महिनाअखेरीस नोटीस लागली. पद रिगर, आदेश हातांनी, गळ्यात शिट्टी, हातात पांढरे मोजे. ते मोजे घालून तांडेल पहिल्या दिवशी आले तेव्हा लग्नाच्या बँडवाल्यासारखे दिसत होते आणि त्यांना ते माहीत होतं. पण काम त्यांनी चोख केलं. हातवारे पारखी साहेबांपेक्षा सफाईने करू लागले. पुढच्या पोरांनाही त्यांनीच ते शिकवले. शिट्टी मात्र कधी फुंकली नाही. "कुत्र्याला बोलवायला बरी हे," एवढंच म्हणाले. सगळे त्यांना तांडेलच म्हणत राहिले, पारखी साहेबसुद्धा. मोठी शेड आता शांत असायची. मला शिक्के मारायला निवांत वेळ मिळायचा आणि तो मला नको असायचा.

निवृत्तीच्या दिवशी पहिली शिफ्ट सुटल्यावर शेडमध्येच निरोपाचा कार्यक्रम झाला. शाल, नारळ, हार. भाषण करायला सांगितलं तर हा माणूस, ज्याला ट्रकवर लाऊडस्पीकर लागत नसे, "बरं हे" म्हणून खाली बसला. मग पारखी साहेबच उठले. म्हणाले, "तांडेल, आज माझ्या जबाबदारीवर. एकदा आवाज द्या. वामन वर आहे." वामनने केबिनमधून डोकं काढलं.

तांडेलांनी वर पाहिलं, आकड्याकडे. "रिकामा हे, साहेब," ते म्हणाले. "रिकाम्याला काय हाक मारायची?"

कार्यक्रम संपला. दुसऱ्या शिफ्टची माणसं कामाला लागली. तांडेल गळ्यात हार, काखेत नारळ घेऊन कार्ड पंच करायला माझ्या खिडकीशी आले. गेटबाहेर रिक्षात शांताबाई बसल्या होत्या. मी कार्ड पुढे केलं. त्यांनी ते हातात घेतलं आणि तेवढ्यात आत क्रेन सुरू झाल्याचा आवाज आला. नवा रिगर, त्यांनीच शिकवलेला पोरगा, एक जड मशीन उचलत होता. शिट्टी वाजली.

तांडेल शेडकडे पाठ करून उभे होते. वळून त्यांनी पाहिलं नाही. नुसते ऐकत राहिले. भुवया वर गेल्या आणि ओठ हलू लागले. मी काचेच्या अलीकडे अगदी जवळ होते, तरी मला शब्द ऐकू आला नाही. बाहेरून शांताबाई म्हणाल्या, "चला की आता, मीटर चालू हे." रिक्षावाल्याने हॉर्न दिला. तांडेल हलले नाहीत. क्रेन पुढे सरकली, थांबली, मग तिची घरघर बारीक होत गेली, आणि त्यांची हनुवटी हळूहळू हारावर टेकली.

आतला आवाज थांबला.

"बसली, ताई," ते मला म्हणाले. मग त्यांनी कार्ड पंच केलं आणि रिक्षाकडे गेले.